कॅनरी-फिंचना रोज हिरवा पाला: चार आक्षेपांना सविस्तर उत्तर

नमस्कार,

कॅनरी आणि फिंचना रोज थोडा हिरवा पाला द्यावा, या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतलेत. पाला दिला की विष्ठा हिरवी आणि पातळ होते, म्हणजे जुलाब होतात, म्हणून जुने पक्षीपालक आठवड्यातून एकदाच पाला देतात. पालकातल्या, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्सॅलेट या घटकामुळे कॅल्शियम वाया जातं आणि मादीचं अंडं अडकतं. व्हिटॅमिन लावलेले दाणे किंवा पेलेट, म्हणजे पोषकं मिसळून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या, देत असू तर पाला कशाला? आणि ओरेगॅनो, लसूण यांसारख्या औषधी वनस्पतींबद्दल लेखात काहीच कसं नाही? तुमच्या ओळखीतल्या एका कॅनरीचा पालक खाल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी मृत्यू झाला, हेही तुम्ही लिहिलंय. प्रश्न पक्ष्यांच्या जिवाचा आहे, तेव्हा उत्तर लांबलं तरी चालेल.

आधी विष्ठेचं पाहू, कारण बहुतेक घरांत पाला बंद होतो तो हिच्यामुळेच. पक्ष्याच्या विष्ठेत तीन गोष्टी एकत्र पडतात: आतड्यातून आलेला घट्ट, वळलेला भाग, युरेटचा, म्हणजे घट्ट मूत्राम्लाचा, पांढरा भाग आणि स्वच्छ पाण्यासारखी लघवी. कॅनरीचं वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम, झेब्रा फिंचचं बारा ग्रॅमच्या आसपास. असा पक्षी दिवसभरात जेमतेम काही मिलिलिटर पाणी पितो. लेट्यूसमध्ये सुमारे ९५ टक्के पाणी असतं, पालकात ९१. दोन ग्रॅम पाला पोटात गेला तर जवळपास दोन मिलिलिटर जादा पाणी गेलं, आणि या आकाराच्या जिवाला ते थोडं नाही. ते लघवीवाटे बाहेर पडतं आणि कागदावर विष्ठेभोवती ओलं वर्तुळ दिसतं. याला जुलाब म्हणत नाहीत.

खात्री करायची असेल तर दांडीखाली साधा पांढरा कागद घाला. वर्तमानपत्र नको, त्यावर रंग कळत नाही. पाला देण्याआधी एकदा बघा आणि दिल्यावर दोन-तीन तासांनी पुन्हा बघा. ओल्या वर्तुळात मधला भाग दोऱ्यासारखा वळलेला असेल, पानाच्या रंगाचा असेल आणि पांढरा भाग पांढराच असेल, तर सगळं ठीक आहे. पाला काढल्यावर काही तासांत विष्ठा पूर्ववत व्हायला हवी. मधला भागच विरघळल्यासारखा पसरलेला असेल, शेपटीखालची पिसं चिकटली असतील, पक्षी फुगून बसत असेल, तर मात्र तो आजार आहे आणि पाला बंद करून तो बरा होणार नाही. आणखी दोन खुणा लक्षात ठेवा. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी झाला तर यकृताकडे बघायला हवं. आणि विष्ठा अगदी थोडी, गडद हिरवी, चिकट पडत असेल तर पक्षी खातच नाही. तो रंग पित्ताचा असतो. ही शेवटची खूण पाल्याच्या हिरव्या रंगात हमखास लपते. म्हणून पक्ष्याला आधीच बरं वाटत नसेल तेव्हा नवा पाला सुरू करू नका, निदान होईपर्यंत गोंधळ वाढतो.

‘आठवड्यातून एकदाच’ या नियमाचा तोटा इथेच होतो. सहा दिवस नुसते दाणे खाल्लेल्या पक्ष्यापुढे सातव्या दिवशी अख्खी जुडी टांगली की तो त्यावर तुटून पडतो, दाणे सोडून पाणी पोटात भरतो आणि मग विष्ठा खरंच बिघडलेली दिसते. रोज थोडा पाला मिळाला की ही हाव राहत नाही. सुरुवात करताना पहिले तीन-चार दिवस नखाएवढा तुकडा पुरे. मग हळूहळू वाढवत कॅनरीला दिवसाला दीड ते दोन ग्रॅम, झेब्रा किंवा बंगाली फिंचला एक ग्रॅमपर्यंत. हाताच्या अंदाजावर जाऊ नका. दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर एकदा तोलून बघा, म्हणजे दोन ग्रॅम किती दिसतात ते डोळ्यात बसेल. बहुतेकांचा अंदाज दुपटीने चुकतो.

आता पालक. ऑक्सॅलेटबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण आकडे मांडल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. १०० ग्रॅम पालकात सुमारे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि ऑक्सॅलेट त्याच्या कितीतरी पट, साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम. म्हणजे दोन ग्रॅम पालकातून दोन मिलिग्रॅम कॅल्शियम मिळणार, तेही बहुतांश बांधलेलं, आणि वर उरलेलं ऑक्सॅलेट बाकीच्या अन्नातलं आणखी तीन ते सात मिलिग्रॅम अडवू शकणार. आता दुसरी बाजू बघा. कॅनरीच्या एका अंड्याचं कवच अंदाजे ०.१ ग्रॅम, त्यात ४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि मादी सलग चार-पाच दिवस रोज एक अंडं घालते. वरी, राळा, कॅनरी सीड यांसारख्या दाण्यांत १०० ग्रॅमला १० ते ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाला चार-पाच ग्रॅम दाण्यांतून फार तर दोन-अडीच मिलिग्रॅम हाती लागतं, त्यातही फॉस्फरस कॅल्शियमच्या अनेक पट.

म्हणजे पालक अजिबात न देताही नुसत्या दाण्यांवर अंडं घालणारी मादी कॅल्शियमच्या खड्ड्यात असते. केल दिला तरी दोन ग्रॅममधून तीन ते पाच मिलिग्रॅमच मिळतात. ‘कॅल्शियमसाठी पाला’ हे वाक्य अनेक ठिकाणी वाचायला मिळतं आणि मला ते धोकादायक वाटतं, कारण पाला दिला की काम झालं असं समजून कटलबोन, म्हणजे समुद्रफेस, लावायचा राहून जातो. कटलबोन मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच आहे. त्याचा ०.१ ग्रॅम चुरा पोटात गेला तरी तीसहून जास्त मिलिग्रॅम मिळतात. पिंजऱ्यात कटलबोन असेल आणि पक्षी ते खरंच कुरतडत असेल, तर आठवड्यातून एखादं पालकाचं पान काही बिघडवत नाही. ते नसेल, तर पालक बंद करूनही अंडं अडकण्याचा धोका तसाच राहतो. शिवाय कॅल्शियम शोषायला व्हिटॅमिन डी-३ लागतं. ते कुठल्याही पाल्यात नसतं आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातही तयार होत नाही, कारण काच त्यासाठी लागणारे अतिनील किरण अडवते. उघड्या खिडकीतलं थेट कोवळं ऊन द्या, पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून. ते शक्य नसेल तर डी-३ असलेलं पूरक, डब्यावरच्या मात्रेनुसार.

रोजच्या पाल्यात माझी पसंती केल, डँडेलियनची पानं, चिकवीड, ब्रोकोलीचे तुरे आणि पानं, रोमेन लेट्यूस, कोथिंबीर यांना. पालक, चार्ड, बीटाची पानं आणि घोळ हे ऑक्सॅलेटवाले, म्हणून आठवड्यातून एकदा, आणि मादी अंड्यावर येत असताना तेवढंही नको. केल आणि ब्रोकोली कोबीच्या कुळातले आहेत. रोज तेच देत राहिलात आणि आहारात आयोडीन कमी असेल तर थायरॉइडला त्रास होऊ शकतो, म्हणून फिरवून द्या. आइसबर्ग लेट्यूस मात्र कशालाच उपयोगी नाही. त्यात बीटा-कॅरोटीन १०० ग्रॅमला जेमतेम ०.३ मिलिग्रॅम, रोमेनमध्ये पाचच्या वर.

या बीटा-कॅरोटीनसाठीच तर पाला द्यायचा. दाण्यांत व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतं आणि पक्षी ते कॅरोटीनपासून शरीरात तयार करतो. कमी पडलं की तोंडाची, नाकाची, श्वासनलिकेची आतली त्वचा जाड, कोरडी होते. मग नाकपुड्या बुजतात, तोंडात पांढरट चट्टे येतात, जंतूंना वाट मिळते. पेशी असं काही महिने सोसतात आणि पक्षी मात्र वरून ठणठणीत दिसतो, त्यामुळे ‘आमचे तर नुसत्या दाण्यांवर छान आहेत’ हा अनुभव पुरावा म्हणून कच्चा पडतो.

व्हिटॅमिन लावलेल्या दाण्यांनी हे भागत नाही, कारण लेप असतो फोलावर. कॅनरी आणि फिंच प्रत्येक दाणा सोलून फोल खाली टाकतात आणि लेप ट्रेमध्ये जातो. पाण्यातली व्हिटॅमिनं उजेडात काही तासांत निकामी होऊ लागतात आणि गोडसर पाण्यात जंतू वाढतात. पेलेटचं तसं नाही. पक्षी खरोखर पेलेट खात असतील तर तुमचा मुद्दा बऱ्याच अंशी मान्य. तेव्हा पाला चवीपुरता, पानं फाडण्या-कुरतडण्याच्या कामापुरता द्या. पेलेटवर आणखी व्हिटॅमिन ए चे थेंब मात्र देऊ नका. तयार व्हिटॅमिन ए यकृतात साठत जाऊन अपाय करतं. पाल्यातल्या कॅरोटीनचं रूपांतर शरीर गरजेपुरतंच करतं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. रिसेसिव्ह व्हाइट जातीच्या कॅनरींना कॅरोटीन शोषताच येत नाही. स्कार्ब-१ या जनुकातला बदल त्याला कारणीभूत असल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आलं. पिसं पांढरी राहतात तीही त्यामुळेच. या पक्ष्यांना कितीही केल घाला, व्हिटॅमिन ए मिळणार नाही. त्यांना ते तयार स्वरूपातच द्यावं लागतं.

तुमच्या ओळखीतला पक्षी कशाने गेला हे इथून सांगता येणार नाही. पण एका दिवसात पक्षी दगावतो तेव्हा ऑक्सॅलेटपेक्षा फवारणीचा संशय आधी घ्यावा. पृष्ठभागावरचं औषध धुऊन बरंच कमी होतं. पाला पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, पाणी बदलून पुन्हा तेच, मग प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळायचं. मुळांतून शोषून पानाच्या आत गेलेलं औषध मात्र कशानेही निघत नाही. त्यामुळे रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीची पानं लगेच देऊ नका, नवी पालवी फुटून वाढेपर्यंत थांबा. रस्त्याकडेचं डँडेलियन घेऊ नका. तिथे तणनाशक असतं, धूर असतो, इतर प्राण्यांची घाण असते. फ्रीजमधला पाला खोलीच्या तापमानाला आणून मगच द्या. पिंजऱ्यात तो दोन ते चार तासच ठेवा, उकाड्यात दोनच. बुळबुळीत झालेलं पान देऊ नका, त्यातलं ‘चांगलं’ अर्धं कापूनही नाही. अॅव्होकाडोचं पान किंवा फळ तर पिंजऱ्याच्या आसपासही नको. त्यातल्या पर्सिन या विषामुळे पक्ष्यांचं हृदय बंद पडतं. टोमॅटो आणि बटाट्याची पानं, रुबार्बची पानं हीसुद्धा वर्ज्य.

सगळ्यात खात्रीचा पाला घरीच उगवतो. पक्ष्यांचे तेच दाणे, म्हणजे कॅनरी सीड किंवा राळा, औषध न चोळलेले, उथळ ट्रेमध्ये मातीवर पेरा आणि आठ-दहा सेंटिमीटर झाले की कापा. मुळाशी पांढरी बुरशी दिसली तर अख्खी ट्रे टाकून द्या. फिंच पानाला तोंड लावत नाहीत अशी तक्रार असते, त्यांना हे कोवळं गवत आणि अर्धवट पिकलेली कणसं बहुधा आवडतात. झेब्रा फिंच जमिनीवर टिपून खाणारे आहेत, त्यांना पाला बारीक चिरून तळाशी बशीत ठेवा. कॅनरीला दांडीच्या उंचीवर क्लिपने लावा. दोऱ्याने बांधू नका, पाय अडकतात. आणि पाला खावा म्हणून दाणे कधीही काढून घेऊ नका. एवढासा पक्षी एक दिवसही उपाशी काढू शकत नाही.

औषधी वनस्पतींबद्दल लेखात लिहिलं नाही, ते मुद्दामच. तुळस, शेपू, पुदिना, ओरेगॅनो यांची ताजी पानं इतर पाल्यासोबत चिमूटभर द्यायला हरकत नाही, अन्न म्हणून. औषध म्हणून नको. ओरेगॅनोचं तेल तर मुळीच नको, पानाच्या मानाने ते फारच तीव्र असतं आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था अशा बाष्पांना फार नाजूक असते. लसूण आणि कांदा तांबड्या रक्तपेशींना मारक आहेत, म्हणून वर्ज्य. यात खरं नुकसान वेळेचं होतं. श्वास घेताना टिकटिक आवाज येणाऱ्या कॅनरीला किंवा गोल्डियन फिंचला अनेकदा श्वासनलिकेतले माइट, म्हणजे सूक्ष्म परजीवी किडे, असतात, त्यावर पशुवैद्याने वजनानुसार मोजून दिलेलं औषध लागतं. कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवीही विष्ठेच्या तपासणीतच सापडतो. पानांचे प्रयोग करत घालवलेले आठ दिवस या पक्ष्यांना परवडत नाहीत.

जुन्या पक्षीपालकांच्या दोन सवयी मात्र मी जशाच्या तशा घेईन. पिल्लं पाच-सहा दिवसांची होईपर्यंत पाला अगदी कमी ठेवायचा, कारण आई-बाप तोच भरवत सुटतात आणि पिल्लाची क्रॉप, म्हणजे गळ्याखालची पिशवी, पाण्याने भरते. तिथे प्रथिनं जायला हवीत. दुसरी, लाल कॅनरींची. त्यांना पिसं बदलण्याच्या सहा ते आठ आठवड्यांत ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य असलेला गडद हिरवा पाला देत नाहीत, कारण नव्या पिसांत पिवळी झाक मिसळून लाल रंग नारिंगी होतो. पक्षी प्रदर्शनात ठेवायचे नसतील तर हे पथ्य सोडलं तरी तब्येतीला काही होत नाही. पाळायचंच असेल तर त्या काळात काकडी किंवा सफरचंदाचा तुकडा द्या, बिया काढून, आणि व्हिटॅमिन ए पेलेटमधून किंवा मोजलेल्या पूरकातून मिळतंय ना ते बघा.