"वडील मयत असलेल्यांनी उभं राहा"

काल 30 सप्टेंबर होता. आमच्याकडे या तारखेला अलार्म लावावा लागत नाही, पहाटे जाग येतेच. 1993 ला मी सात वर्षांची, दुसरीत. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले आणि 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, माळवदाची घरं खाली आली. दगडमातीच्या जाडजूड भिंती आणि डोक्यावर मातीचा ढीग, त्याच्याखालून माणूस हाती लागायचा पण जीव नसायचा. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून आठ-दहा हजार माणसं गेली, माझी आई त्यात होती. मी आज्जीजवळ अंगणात बाजेवर झोपले होते एवढाच काय तो फरक.

मला सांगितलं, आई लातूरच्या दवाखान्यात आहे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आई दवाखान्यातच. मी रोज विचारायचे, मग विचारणं सोडून दिलं. "बघा, विसरली की पोरगी", असं मावशी म्हणलेली अजून कानात आहे. विसरले बिसरले काही नव्हते ओ. विचारलं की आज्जी पदर तोंडाला लावते हे कळलं होतं, म्हणून गप बसले.

घरं गेल्यावर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तिच्यामागे आम्ही पोरं भूकंप-भूकंप खेळायचो. ओल्या मातीची घरं करायची, आत काड्यांची माणसं निजवायची, एकानं "आला आला" ओरडायचं, लाथ घालायची आणि मग सगळ्यांनी मिळून उकरायचं. माझ्या घरातली एक काडी दरवेळी जिवंत निघायची, तसा माझा नियमच होता. मोठी माणसं धपाटे घालायची, कसला अभद्र खेळ म्हणून. पुढं डीएड झाल्यावर बरंच वाचलं तेव्हा कळलं की युद्धातून, पुरातून, आगीतून आलेली लेकरं सगळीकडे असंच खेळतात, बोलता येत नाही ते हातानं बोलतात. तो खेळ मोडायचा नसतो, जवळ बसायचं असतं. फक्त खेळ दरवेळी एकाच जागी अडकत असेल आणि खेळून झाल्यावर पोरगं आणखीनच भेदरत असेल, तर मात्र जाणकाराला दाखवायचं.

हे सगळं अंगावरून गेलेली बाई मी. आणि तरी मागच्या वर्षी मी काय केलं ते आता लिहिते, कारण वर्षभर ते घशात अडकून बसलंय.

वरून व्हाट्सपवर मेसेज आला, एक पालक किंवा दोन्ही पालक नसलेल्या मुलांची माहिती आजच्या आज पाठवा. बालसंगोपन योजनेसाठी होती, चांगलीच योजना आहे, महिन्याला 1100 मिळायचे ते आता 2250 केलेत, लेकरू संस्थेत न टाकता घरच्याच माणसात वाढावं म्हणून. मी घाईत, शालेय पोषण आहाराची नोंद राहिलेली, हजेरी हातात, वर्गात उभी राहिले आणि म्हणलं, "वडील मयत असलेल्यांनी उभं राहा."

दोन पोरी उभ्या राहिल्या. एक पोरगं बसून राहिलं. शेजारचा ओरडला, "मॅडम, ह्याचे पप्पा पण मेलेत की, करोनात." तर ह्यानं त्याच्या हाताचा असा चावा घेतला की रक्त आलं. "माझे पप्पा पुण्याला गेलेत कामाला!"

2021 च्या एप्रिलात वारले होते ते, हे पोरगं तेव्हा साडेतीन वर्षांचं. घरच्यांनी पुणे सांगितलं आणि मग ते पुणं कुणाला मागं घेताच आलं नाही. आई त्यांचं सिमकार्ड चालू ठेवायची, आधारला तोच नंबर लिंक, ओटीपी त्याच्यावर येणार, काय करणार बिचारी. फोन कपाटात. हे पोरगं शेजारच्या मामाच्या फोनवरनं तो नंबर लावायचं आणि आपल्याच घरातल्या कपाटात रिंग वाजलेली ऐकायचं. त्याला आतून कधीच कळलं असणार, नुसतं कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं इतकंच.

त्या दिवसापासून ते वर्गात आत येईना. दारात चपला असतात ना, तिथं बसायचं. पोट दुखतंय म्हणायचं, डब्यातलं खायचं नाही, कुणी मागनं हात लावला की फटका. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, "बाप नाही ना, वळण नाही, दोन ठेवून द्या." अशी वाक्यं आपण चहा पिता पिता बोलून जातो. दोन ठेवून द्यायच्या म्हणजे ज्या पोराच्या अंगात आधीच चोवीस तास सायरन वाजतोय त्याच्या कानाशी अजून एक भोंगा लावायचा. चावरं, खोडकर, मठ्ठ, घुमं, ही नावं आपण ठेवतो. आत बहुतेक वेळा भीती असते.

मग लोक म्हणतात, लहान आहे, विसरेल. ह्या वाक्याचा मला खरोखर राग येतो. अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी 17 हजारांवर मोठ्या माणसांना बालपणाबद्दल विचारलं होतं, मारहाण, छळ, घरात दारू, आईला मार, घरातलं कुणी तुरुंगात वगैरे. 1998 ला त्यांचा पहिला पेपर आला. लहानपणी असे घाव जितके जास्त, तितकं पुढं नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, इतकंच काय हार्टचे आजार सुद्धा जास्त. म्हणजे डोकं विसरलं तरी शरीर हिशोब ठेवतं. पण लगेच घाबरून जाऊ नका, आणि त्या अभ्यासावरून निघालेली ती दहा प्रश्नांची यादी काढून वर्गातल्या पोरांना मार्क देत तर अजिबात बसू नका (आमच्या एका ग्रुपवर हे झालंय, खरंच). ते आकडे हजारो लोकांचे मिळून आहेत, एका लेकराचं भविष्य सांगायला नाहीत.

मला जास्त जवळचा वाटतो तो हवाईमधल्या काउआई बेटाचा अभ्यास. एमी वर्नर बाईंनी 1955 मध्ये जन्मलेली 698 लेकरं धरली आणि ती पार चाळिशीला पोचेपर्यंत त्यांच्या मागावर राहिल्या. त्यातली साधारण तिसरा हिस्सा पोरं फार वाईट परिस्थितीतली, गरिबी, भांडणं, आजारी आईबाप. आणि त्या वाईट परिस्थितीतल्या सुद्धा तिसऱ्या हिश्श्याची पोरं चांगली, धडधाकट, कामाची माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं, तर बऱ्याच जणांच्या आयुष्यात एक तरी मोठं माणूस असं होतं जे टिकून राहिलं. आज्जी, आत्या, शेजारीण, एखादी शिक्षिका. वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले. माझी आज्जी निरक्षर होती, तिनं मला कधी समुपदेशन केलं नाही, ती फक्त रोज संध्याकाळी त्याच दगडावर बसून माझी वाट बघायची.

भूकंपानंतर शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेनं हजार-बाराशे पोरं पुण्याला नेऊन शिकवली, पन्नालाल सुराणांनी नळदुर्गला अशा लेकरांसाठी 'आपलं घर' नावाची संस्था उभी केली. ही वर्षानुवर्षं टिकलेली कामं. बाकी आले ते बहुतेक कपडे वाटून, फोटो काढून गेले. शेडमध्ये एक बाई आल्या होत्या, सगळ्या पोरांना गोल बसवून म्हणाल्या, त्या रात्री काय दिसलं ते प्रत्येकानं सांगा. हेतू चांगला असणार. त्या बाई येऊन गेल्या त्या रात्री मी पुन्हा अंथरूण ओलं केलं. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की घटनेनंतर लगेच असं सगळ्यांकडून वदवून घेऊ नका. आधी बघा, ऐका, गरजेच्या माणसाशी जोडून द्या. अन्न, झोप, आपली माणसं, शाळा सुरू. 2025 ला मराठवाड्यात पूर आला, कितीतरी पोरांची दप्तरं सुद्धा गेली, तर मदत न्या पण बॅनरपुढं लेकरू उभं करू नका हो.

तर आमच्या पोराचं. मी आधी वर्गासमोर सॉरी म्हणलं, मॅडमनं चुकीचं विचारलं म्हणून. मग मी सुद्धा रोज अर्धा तास दारात चपलांपाशी खुर्ची टाकून वह्या तपासायला लागले. बोलायचे नाही काही. घरी गेले, आई आणि आज्जी दोघींशी बोलले, माझं लातूरच्या दवाखान्याचं सगळं सांगितलं. आई म्हणली, "मॅडम, सांगितलं आन् त्याला काय झालं तर?" भीती खरी होती तिची. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो, तिथल्या मॅडमनी तिला शब्द शिकवले: देवाघरी नाही, झोपले नाही, "मेले" म्हणा, आजारानं, तुझ्यामुळं नाही. तो "तुझ्यामुळं नाही" फार महत्त्वाचा, लेकरं सगळं स्वतःवर घेतात. (ज्यांना जिल्ह्याला जाणं होत नाही त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. लेकराला घरातच मार किंवा त्याहून वाईट काही होत असेल तर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098.)

तिनं सांगितलं. पोरगं रडलं नाही. एवढंच म्हणलं, "मग रिचार्ज का मारतीस?"

रडलं ते आठवड्यानं, बैल गेला म्हणून. पोळ्याच्या मातीच्या बैलाचं शिंग मोडलं होतं.

चमत्कार वगैरे नाही झाला. आता तिसरीत आहे, मागच्या बाकावर बसतं, चपला मात्र बाकाखाली लागतात, मी नियम सोडून दिलाय. ॲम्ब्युलन्स गेली की अजून पांढरं पडतं. जिल्हा रुग्णालयात सुरुवातीला दर पंधरवड्याला जात होते, मायलेकाला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडते, हा खर्च कुठल्याच योजनेत नाही.

एक गोष्ट मी पाळते, गैरहजर राहायचं असलं की आधी सांगते. कुठं चाललेय, कधी येणार. आम्हाला ट्रेनिंग काय, इलेक्शन काय, बीएलओ म्हणजे मतदार याद्यांचं काम काय, वर्षातनं किती दिवस वर्गाबाहेर ते विचारू नका. मागच्या महिन्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तर फळ्याच्या कोपऱ्यात ह्यानंच लिहून ठेवलेलं, "मॅडम गुरवारी येनार". गुरुवारी मी आले तेव्हा त्यानं वर पण बघितलं नाही, उठून तेवढं पुसलं.

आता बदलीचं. ऑनलाईन बदल्यांत यंदा माझा नंबर लागेल असं दिसतंय. त्याला अजून सांगितलेलं नाही. दोनदा तोंडापर्यंत आलं आणि मी पण "बघू, नक्की झालं की सांगू" म्हणत पुढं ढकललं. सोमवारी सांगणारेय.