‘दुधाचेच दात आहेत, पडतील’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीने मला व्हॉट्सॲपवरचा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘ताई, आपण उगाच केलं का गं?’ तिच्या ७ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणे) आहे, तो बोलत नाही, आणि दोन महिन्यांपूर्वी त्याच्या किडलेल्या दाढांवर उपचार झाले. संदेशाचे म्हणणे असे: विशेष मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दातांना हात लावू नये, ते पडणारच असतात, या मुलांना वेदना फारशी कळत नाही, चिडचिड हा त्यांचा स्वभावच असतो, डाऊन सिंड्रोम असलेल्यांना तर कीड लागतच नाही, भूल दिल्याने मेंदू आणखी बिघडतो, आणि फ्लोराइडची पेस्ट म्हणजे विष. खाली ‘एका ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला’ असे लिहिले आहे. डॉक्टरांचे नाव मात्र नाही.

वेदनेचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे मुद्दे चुकीचे आहेत आणि हा क्रूर आहे. उपचारांपूर्वी सुमारे तीन आठवडे भाचा रात्री दोनच्या सुमारास उठून डाव्या गालावर मूठ मारून घेत असे, वरणभाताचा घास त्या बाजूला गेला की बाहेर काढत असे, आणि एरवी आवडीने पिणारा हा मुलगा ताक गार असले की मान फिरवत असे. शाळेच्या वहीत ‘वर्तनसमस्या’ अशी नोंद आली. घरच्यांनी फिट्सच्या बदललेल्या औषधाला दोष दिला. टॉर्च लावून तोंडात बघावे हे कुणालाच सुचले नाही, मलाही नाही. दातांच्या त्रासाचा लहान मुलांच्या जीवनमानावर काय परिणाम होतो हे मोजणारी १३ प्रश्नांची एक प्रश्नावली २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती शाळापूर्व वयासाठी आहे, पण मुद्दा तोच: तिची उत्तरे मूल देत नाही, पालक देतात. ९ प्रश्न मुलाच्या दुखण्याचे, खाण्यापिण्याचे, झोपेचे, बोलण्याहसण्याचे आणि चिडचिडीचे. ४ कुटुंबाचे, म्हणजे मनाची घालमेल, अपराधीपण, बुडालेले काम आणि खर्च. ज्या चिडचिडीला हा संदेश स्वभाव म्हणतो, ती तिथे दाताच्या त्रासाचा परिणाम म्हणून विचारली जाते.

दुधाचे दात पडतात, हे कबूल. पण पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात आणि मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तेवढी वर्षे पू आणि ठणका घेऊन जगायचे का? शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी कायमची दाढ येते, ती कोणताही दुधाचा दात पाडून येत नाही. म्हणून अनेक पालक तिलाही दुधाचीच समजतात, आणि तीच किडते.

डाऊन सिंड्रोमबद्दलच्या विधानात थोडे तथ्य आहे. या मुलांमध्ये कीड तुलनेने कमी आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात, दातही उशिरा येतात. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, आणि हिरड्यांचे आजार त्यांना अधिक होतात. सेरेब्रल पाल्सीत तर घास गालात साचून राहतो, औषधाचे गोड सिरप रात्री झोपताना दिले जाते, आणि जबडा घट्ट मिटलेल्या मुलाचे दात घासणे म्हणजे दोन माणसांचे काम असते. यावर संदेशात अवाक्षरही नाही.

भुलीत जोखीम असते, विशेषतः फिट्स किंवा श्वसनाचा त्रास असेल तर. त्यासाठीच आधी तपासण्या करून भूलतज्ज्ञांचे मत घेतात. शिवाय प्रत्येक वेळी भूल लागतेच असेही नाही: सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड हे द्रव ड्रिल न करता किडलेल्या जागी लावतात, डाग काळा पडतो, पण कीड बऱ्याचदा थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. विषाच्या मुद्द्यावर याहून अधिक शब्द खर्च करत नाही. प्रमाण पाळावे, ३ वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

बहिणीला मी एवढेच कळवले, की उगाच काही केले नाही, आणि आज रात्री त्याचे डोके मांडीवर घेऊन, टॉर्च लावून सर्वांत मागची नवी दाढ बघ. ज्या गटातून तिला हा संदेश आला, तिथे हे उत्तर मी स्वतः टाकत आहे.