शिवाजी पार्कबद्दल फिरणाऱ्या मेसेजविषयी खुलासा

'न्यायालयाने दादरचं शिवाजी पार्क एका पक्षाला कायमचं दिलं, आता सत्तेतल्यांच्या चिठ्ठीशिवाय तिथे कुणालाच जागा नाही,' असा मेसेज सध्या फिरतोय. तो खरा नाही.

मूळ प्रकरण 2022 च्या दसरा मेळाव्याचं. शिवसेनेच्या दोन्ही गटांनी मैदान मागितलं होतं. पोलिसांच्या अहवालावरून, कायदा-सुव्यवस्थेचं कारण देत पालिकेने दोघांनाही नकार दिला. 23 सप्टेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने हा नकार म्हणजे अधिकारांचा दुरुपयोग ठरवला आणि ठाकरे गटाला 2 ते 6 ऑक्टोबर एवढ्याच दिवसांसाठी मैदान दिलं. तेही चित्रीकरणाच्या अटीवर, आणि गडबड झाली तर पुढच्या वेळी परवानगी नाकारता येईल असं बजावून. खरी शिवसेना कोणाची, या वादात न्यायालय शिरलंच नाही. शिंदे गटाचा मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात झाला.

मैदानाची मालकी कुठल्याच पक्षाकडे गेलेली नाही. राज्य सरकारच्या 2016 च्या निर्णयानुसार वर्षातले 45 दिवस खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना देता येतात, त्यात दसरा मेळावाही येतो. एरवी हे खेळाचंच मैदान आहे. तिथे क्रिकेट खेळायला येणाऱ्या मुलाला किंवा कट्ट्यावर बसणाऱ्या आजीला कुणाचीही चिठ्ठी लागत नाही. मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, की असा मेसेज वाचून लोक आपल्याच मैदानात परके होतात.

परवानग्यांमध्ये पक्षपात होतोय असं वाटलं तर लेखी तक्रार जरूर करा. हा मेसेज मात्र पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.