परदेशातून : अपशिंग्याची छावणी म्हणजे पेन्शन

जून 2022 मध्ये जवानांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना आली, तेव्हापासून सातारा-सांगलीच्या फौजी गावांत एकच चर्चा आहे : आता गावाचं पुढं काय? त्यावर एक म्हणणं असंही असतं, की आमच्या भागात सैन्याचं मोठं केंद्र आणा, छावणी आली की गाव आपोआप वर येईल. इंग्लंडमध्ये राहून छावणीभोवतीची गावं जवळून पाहिली, की हे म्हणणं पटत नाही.

यॉर्कशरमधलं कॅटरिक घ्या. ही जागा स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी सुचवलेली. पहिलं महायुद्ध पेटताच ऑगस्ट 1914 मध्ये छावणी बांधायचा हुकूम निघाला : दोन डिव्हिजन, 2,000 झोपड्या, सुमारे 40,000 माणसं. हिप्सवेल, स्कॉटन ही तोवर मेंढ्या आणि शेतीची गावं. तात्पुरती म्हणून बांधलेली छावणी कायमची झाली, आज ती ब्रिटिश लष्कराची सर्वांत मोठी आहे. बराकींना नावं सोम, गाझा, मार्न अशी, त्याच युद्धाच्या रणभूमींची.

पण गावाला मिळालं काय? मोठं बाजारसंकुल आणि सिनेमागृह यायला 2015 उजाडलं, म्हणजे शंभर वर्षं. कारण साधं आहे. जमीन संरक्षण खात्याची, शिकाऊ जवान काही महिन्यांत दुसरीकडे जाणारा, जेवणखाण बराकीत. पलटण हलली की दुकानाचं गिऱ्हाईकही हललं. असं गाव दिल्ली-लंडनच्या एका कागदावर जगतं.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाची गोष्ट उलटी आहे. याच महायुद्धात या गावचे 46 जवान कामी आले, त्यांच्या स्मृतीचा दगड गावात आहे. तिथं छावणी कधी नव्हती. पोरगा भरती व्हायचा, मनीऑर्डर यायची आणि पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून तो पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन परत यायचा. विहीर, पाइपलाइन, पोरींचं शिक्षण, म्हातारपणीचं औषधपाणी या पेन्शनवर, आणि त्याच्या पाठीमागे बायकोलाही कुटुंब निवृत्तिवेतन. गावाची खरी छावणी हीच.

अग्निवीराला, म्हणजे अग्निपथमधून भरती झालेल्या जवानाला, हे काही नाही. चार वर्षांनी फार तर चारातला एक कायम होतो. बाकीचे तिघे 11.71 लाख रुपयांची एकरकमी रक्कम, म्हणजे सेवा निधी, घेऊन घरी येणार. त्यातले 5.02 लाख त्यांच्याच पगारातून दरमहा 30 टक्के कापलेले असतात. माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणून कँटीन नाही आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखानाही नाही. ही रक्कम सात टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला 6,800 रुपये सुटतात. पण ती ठेवली जाणार नाही, हीच भीती आहे. घरात लग्न असतं, बँकेचा बोजा असतो, ट्रॅक्टरचा हप्ता असतो. दोन वर्षांत पैसा संपेल आणि पंचविशीतला गडी पुन्हा पोलीस भरतीच्या मैदानावर दिसेल.

ब्रिटिश सैनिकही चार वर्षांनी बाहेर पडू शकतो. मात्र तिथल्या लष्कराच्या 2015 च्या पेन्शन योजनेत दोन वर्षं भरली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. दरवर्षी त्या वर्षीच्या पगाराचा 47 वा हिस्सा त्याच्या वार्षिक पेन्शनमध्ये जमा होतो, जवानाच्या पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत. ब्रिटनमध्ये सर्वांना सरकारी पेन्शन सुरू होते त्या वयाला पोचल्यावर ती पेन्शन सुरू होते, महागाईची वाढ धरून. त्याला तरुणपणी आपल्यासारखा मोठा सेवा निधी मिळत नाही, हेही खरं. पाइपलाइन टाकायला पंचविशीतली रोकड उपयोगी पडते, म्हणून सेवा निधी मोडा असं मी म्हणणार नाही.

त्याच्या जोडीला हा हक्क मागावा. अग्निवीराचा चार वर्षांचा पगार होतो 16.74 लाख. त्याचा 47 वा हिस्सा वर्षाला सुमारे 35,600 रुपये, म्हणजे आजच्या भावाने महिन्याला तीन हजारांच्या आत. रक्कम छोटी आहे, पण ती लग्नात खर्चता येत नाही आणि गहाणही पडत नाही. ग्रामसभेच्या ठरावात छावणीच्या जागी हे तीन मुद्दे लिहावेत : प्रमाणात पेन्शन, पत्नीचा त्यावर वारसाहक्क आणि चारही वर्षं भरलेल्या प्रत्येकाला ईसीएचएसचं कार्ड.