सिक्कीम सुंदरी ४०० वर्षांनी फुलत नाही

सोलापुरात सोसायट्यांच्या, शाळांच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक फोटो पुन्हा फिरतोय. खडकाळ उतारावर उभा असलेला फिकट पिवळा मनोरा आणि खाली मजकूर : ‘हिमालयातील महामेरू पुष्प. ४०० वर्षांतून एकदाच फुलते. आपली पिढी भाग्यवान. दर्शन घ्या, पुढे पाठवा.’

वनस्पती खरी आहे, मजकूर खोटा. तिचं नाव सिक्कीम सुंदरी, शास्त्रीय नाव ऱ्हियम नोबिल.

‘४०० वर्षांतून एकदा.’ हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८५५ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. मजकूर खरा मानला, तर त्यानंतरचा फुलोरा २२५५ च्या आसपास यायला हवा. प्रत्यक्षात दरवर्षी जून-जुलैत कुठल्या ना कुठल्या उतारावर ती फुललेली असते. गोंधळ कशावरून झाला असेल, तेही कळतं. एक झाड जन्मात एकदाच फुलतं. कित्येक वर्षं ते जमिनीलगत नुसता पानांचा झुबका होऊन राहतं, मग माणसाच्या उंचीएवढा दांडा वर काढतं, बी धरतं आणि मरतं.

‘महामेरू पुष्प.’ तो अख्खा मनोरा म्हणजे फूल नव्हेच! ती एकमेकांवर पडलेली पातळ, अर्धपारदर्शक पानं आहेत. खरी फुलं इवलीशी, त्यांच्या आड दांड्याला लगडलेली. ४००० मीटरच्या वर गारठा, पाऊस आणि अतिनील किरणांचा मारा असतो. ही पानं उजेड आत सोडतात, अतिनील किरण अडवतात आणि आतली हवा उबदार ठेवतात, अगदी आपल्याकडच्या पॉलिहाऊससारखी. त्या उबेत चिलटांएवढ्या माश्या येतात, अंडी घालतात, परागीभवन करतात. त्यांच्या अळ्या थोडं बी खातात, उरलेलं झाडाला मिळतं. मला तरी हे चारशे वर्षांच्या गोष्टीपेक्षा फार मोठं नवल वाटतं.

‘आपली पिढी भाग्यवान.’ तिथल्या डोंगरी लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे, तिचा आंबट दांडा खाल्लाही आहे. आपल्या मंडईतला आंबट चुका तिच्याच कुळातला. मात्र फुलोऱ्याचा दांडा बी पिकण्याआधी तोडला, की ते झाड वंश न ठेवताच संपतं. दर्शनाला जाणाऱ्यांना हे सांगायलाच हवं.

‘पुढे पाठवा.’ फोटो जरूर पाठवा. फक्त तो मजकूर काढून खाली एवढं लिहा : सिक्कीम सुंदरी, पूर्व हिमालय, ४००० मीटरच्या वर, फुलोरा जून-जुलै, दांडा तोडू नये.