पॅटर्नमधून गळलेला डॉलर: स्क्विडवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

स्क्विड (एकदा उतरवलेली फाइल साठवून पुढच्या मशीनना देणारा कॅशिंग प्रॉक्सी) यावरच्या लेखाखालच्या प्रतिक्रियेत तुम्ही कॉन्फिगमधली ओळ आणि लॉगचा तुकडा दोन्ही दिलेत, त्यामुळे नेमकं बोलता येतंय. तुमचे आक्षेप तीन: लेखातला नियम टाकूनही लॉगमध्ये टीसीपी_मिसच (साठवलेली प्रत मिळाली नाही) दिसतं, उलट आठवडाभरात लॅबमधल्या डेबियन मशीनवर पॅकेज टाकताना 404 ('फाइल सापडली नाही') यायला लागलं आणि सिक्युरिटी अपडेटची रिलीज फाइल (पॅकेजच्या याद्यांची अनुक्रमणिका) 'एक्स्पायर्ड' दिसू लागली, आणि आता सगळं एचटीटीपीएसवर गेलंय, तेव्हा कॅशिंग प्रॉक्सी सुचवणंच जुनाट.

आधी 404 घेतो, कारण मुलांचं काम त्याने अडलंय. कोणती फाइल किती मिनिटं ताजी धरायची हे सांगणारी तुमची ओळ अशी आहे:

रिफ्रेश_पॅटर्न डेब 129600 100% 129600 ओव्हरराइड-एक्स्पायर इग्नोर-रीलोड

लेखातल्या ओळीत 'डेब'च्या आधी बॅकस्लॅश-टिंब आणि शेवटी डॉलर आहे. ते गळलं की पत्त्यात कुठेही 'डेब' आलं तरी नियम लागू होतो. आता मिररचा, म्हणजे पॅकेज देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता बघा: डेब.डेबियन.ऑर्ग/डेबियन. तिथली प्रत्येक फाइल तुमच्या नियमात बसते! 129600 मिनिटं म्हणजे 90 दिवस. पॅकेजच्या फाइलला 90 दिवस चालतात, कारण आवृत्ती बदलली की फाइलचं नावच बदलतं. पण इनरिलीज (सही आतच असलेली रिलीज फाइल) ही फाइल त्याच नावाने पुन्हापुन्हा नवी होते. तुमचा स्क्विड जुनी इनरिलीज देत राहिला, ॲप्टने (डेबियनमध्ये पॅकेज उतरवणारं साधन) त्या जुन्या यादीवरून पॅकेज मागितलं, आणि ते मिररवरून कधीच काढलेलं होतं. म्हणून 404. सिक्युरिटीच्या रिलीज फाइलची मुदत तर सात दिवसांचीच असते, त्यामुळे तक्रार आठवड्याने सुरू झाली.

तुमच्या ओळीतल्या शेवटच्या दोन शब्दांनी यात भर घातली. ॲप्ट यादी मागताना 'मॅक्स-एज=0' पाठवतं, म्हणजे मूळ सर्व्हरला विचारल्याशिवाय देऊ नको. इग्नोर-रीलोड लावून तुम्ही स्क्विडला तेच ऐकू नको म्हणालात. ओव्हरराइड-एक्स्पायरने सर्व्हरने दिलेली मुदतही बाजूला सारली. हे दोन पर्याय 'हिट (साठवलेल्या प्रतीतून दिलेलं उत्तर) वाढवा' म्हणून सर्रास सुचवले जातात, त्याचा मला खरंच राग येतो. हिट वाढतात, पण जुन्या मालाचे. दोन्ही काढा, बॅकस्लॅश-टिंब आणि डॉलर परत लावा. कॅश पुसायची गरज नाही; प्रत ताजी की शिळी हे स्क्विड प्रत्येक मागणीच्या वेळी नव्याने ठरवतो.

आता मिस. इथे रिफ्रेश_पॅटर्नचा संबंधच नाही. प्रत साठवलेली असून शिळी झाली असती, तर मूळ सर्व्हरला विचारून 'बदल नाही' कळल्यावर टीसीपी_रिफ्रेश_अनमॉडिफाइड दिसलं असतं. मिस म्हणजे वापरण्याजोगी प्रत सापडलीच नाही. तुम्ही दिलेल्या लॉगमधला पाचवा रकाना बघा, तो बाइट्सचा. मिस झालेल्या सगळ्या फाइल मोठ्या आहेत: कर्नल, लिबरऑफिस, फायरफॉक्स. स्क्विडच्या मूळ कॉन्फिगमध्ये कॅश_डिरची (डिस्कवर कुठे साठवायचं ते सांगणारी) ओळ कमेंट केलेली, म्हणजे बंद असते. ती उघडली नसेल तर साठवण फक्त मेमरीत होते, आणि मेमरीत 512 केबीपेक्षा मोठी फाइल ठेवली जात नाही. ती उघडली तरी डिस्कवरची मूळ मर्यादा 4 एमबीच. तेव्हा मॅक्झिमम_ऑब्जेक्ट_साइज 512 एमबी करा आणि ती ओळ कॅश_डिरच्या वर लिहा. खाली लिहिली तर त्या डिरेक्टरीला ती लागू झाली असं धरून चालू नका. मग स्क्विड थांबवून 'स्क्विड -झेड'ने फोल्डर तयार करून घ्या आणि पुन्हा सुरू करा.

एचटीटीपीएसचं म्हणणं बहुतांशी बरोबर आहे. लॉगमध्ये टीसीपी_टनेल दिसलं की आतलं काही स्क्विडला कळत नाही, मग साठवणार काय? व्हिडिओ आणि बाकीच्या साइटसाठी प्रॉक्सीकडून बचतीची अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी एसएसएल-बंप (एचटीटीपीएस मध्येच उलगडून आतलं वाचणं) सुरू करायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो कृपा करून सोडा. मुलांचे मेल आणि बँकेचे पासवर्ड तुमच्या मशीनवर उघडे पडतील. दोन-चार जीबी वाचवायला ही किंमत फार आहे. पण ॲप्टची गोष्ट वेगळी. डेबियन आजही साध्या एचटीटीपीवरून पॅकेज देतं, कारण इनरिलीजवर सही असते आणि तिथून प्रत्येक फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तपासला जातो. मधल्या प्रॉक्सीने काही बदललं तर ॲप्ट ते घेतच नाही. चाळीस मशीनच्या लॅबला एकच लिबरऑफिस चाळीसदा उतरवायला लावणं मला पटत नाही.

फक्त पॅकेजसाठीच प्रॉक्सी हवा असेल तर ॲप्ट-कॅशर-एनजी लावा. यादी कुठली आणि पॅकेज कुठलं हे त्याला मुळातच कळतं. स्क्विडच ठेवणार असाल, तर बदलानंतर आधी कॉन्फिग तपासायला 'स्क्विड -के पार्स' चालवा, दोन मशीनवर तेच मोठं पॅकेज एकामागोमाग उतरवा आणि दुसऱ्या मशीनची लॉगमधली ओळ इथे टाका. तिथे टीसीपी_हिट आलं नाही, तर कॅश_डिरची ओळही सोबत द्या.