स्पेशल इंग्लिश घेतलेली पोरं पुढे जातात कुठे?

गेल्या रविवारी आमच्या फॅमिली ग्रुपवर चांगलाच वाद पेटला. भाचीला बीएला इंग्लिश मेजर घ्यायचंय (आमच्या वेळी स्पेशल म्हणायचे) आणि तिचे काका म्हणतात, इंग्लिश करून शेवटी मास्तरकीच ना, ती तरी कुठे मिळतेय, त्यापेक्षा बीबीए कर. मग सगळे म्हणाले मावशीला विचारा.

मी इंग्लंडला आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे, पण गेली अकरा वर्षं लीड्समधे कमावतेय ते त्याच डिग्रीवर. एका हॉस्पिटलमधे पेशंटना जाणारी पत्रं लिहायचं काम आहे माझं. मागच्या महिन्यात ऑपरेशनआधी पाठवायचं एक पत्र आलं, त्यात नुसतं 'निल बाय माउथ' (म्हणजे तोंडाने काही घ्यायचं नाही) छापलेलं, आता घरी एकटी राहणाऱ्या सत्तरीच्या बाईला त्यावरून काय कळणार, सकाळचा चहा घ्यायचा की नाही, बीपीची गोळी कशासोबत गिळायची? डॉक्टरांना विचारून विचारून मी ते सहा साध्या वाक्यांत लिहिलं. कवितेच्या पेपरला आमचे सर प्रत्येक शब्दावर बोट ठेवून हा इथे का आला विचारायचे, तीच सवय रोज कामी येते.

माझ्या टीममधे पाचपैकी तिघं इंग्लिशवाले. इथे बऱ्याच नोकऱ्यांना डिग्री कुठल्या विषयाची हे बघतच नाहीत, त्यामुळे इंग्लिशवाली पोरं सरकारी खात्यात, विमा कंपनीत, कौन्सिलमधे दिसतात, वर्षभराचा कोर्स करून वकिलीकडे वळतात, पीजीसीई, म्हणजे इथला शिक्षकांचा कोर्स, करून शाळेत शिकवतात. आपल्याकडे कुठलाही पदवीधर चालतो तो एमपीएससी नाहीतर बँकेच्या परीक्षेला, आणि तिथली गर्दी सगळ्यांना माहितीये.

पण म्हणून इथे सगळं छान आहे असं कोणी समजू नये. वर्षाला ९,००० पौंडांच्या वर फी, तीही बहुतेकांची कर्जातून. २०२२ मधे शेफिल्ड हॅलम युनिव्हर्सिटीने इंग्रजी साहित्याच्या डिग्रीचे प्रवेश थांबवले, ज्या कोर्सनंतर चांगली नोकरी लागत नाही ते कशाला हवेत ही भाषा इथल्या मंत्र्यांनीही केलीय. फरक एवढाच की इथे डिग्री झाल्यावर १५ महिन्यांनी प्रत्येकाला विचारलं जातं, आता काय करतोस, आणि ते आकडे अ‍ॅडमिशन घेणाऱ्या पोराला बघता येतात. आपल्याकडे नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीसाठी अशी माहिती गोळा करतात, पण बारावीच्या पोरीसमोर ती कोण ठेवतं? मग काका बोलतील तेच खरं.

म्हणून मीच आमच्या बॅचची यादी केली. ३४ पैकी २२ जणांचं कळलं. सात जण शाळेत, तिघं सीएचबीवर (म्हणजे कॉलेजात तासाच्या हिशोबाने शिकवणारे), चौघं पुण्यात बॅकऑफिसला, एक तलाठी, एकाचा स्पोकन इंग्लिशचा क्लास, एकजण सिरीयलींचे सबटायटल करतो, आणि पाच जणी घरी, त्यातल्या दोघी सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, पास. हे शेवटचं लिहिताना फार वाईट वाटलं. सीएचबीवाली एक मैत्रीण नेट (सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा), पीएचडी सगळं करून आजही दोन कॉलेजांमधे एसटीने फिरते, तासावर पैसे, तेही कधी येतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत आणि नावं विषयाला ठेवायची, हे मला पटत नाही. तिच्या वर्गात बसलेल्या पोरांना मराठी मिडियममधून येऊन इंग्रजीत उभं राहून बोलता येतं, ते तिच्यामुळेच.

यादी जशीच्या तशी भाचीला पाठवली, काही लपवलं नाही. रात्री तिचा फोन आला, "मावशी, ते सबटायटलवाले दादा माझ्याशी बोलतील का?" शनिवारी संध्याकाळी दोघांचा कॉल ठरलाय.